मुलांसाठी रानजिवाची गोष्ट लिहिताय? आधी त्या पिल्लाची आई कुठे आहे ते बघा

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी तिसरीच्या वर्गाला एक गोष्ट सांगितली. माझीच रचलेली. पावसात भिजलेलं बुलबुलाचं पिल्लू एका मुलाला सापडतं. तो ते घरी आणतो, बुटांच्या खोक्यात ठेवतो, कापसाच्या बोळ्याने दूध पाजतो, आणि आठवड्याने ते त्याच्या खांद्यावर बसायला लागतं. मुलांना एवढी आवडली की दोनदा सांगावी लागली.

चौथ्या दिवशी वर्गातली एक मुलगी डब्यातून पिल्लू घेऊन आली. चपातीभाजीचा स्टीलचा डबा, झाकण एका बाजूने उघडं ठेवलेलं. पिल्लाला पिसं आलेली होती, शेपटी तेवढी आखूड. चोचीच्या कडेला दूध सुकून पांढरं झालं होतं. मधल्या सुटीपर्यंत ते गेलं. मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाई, मग गोष्टीतलं कसं जगलं?"

ते पिल्लू संकटात नव्हतंच. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं बुलबुलाचं पिल्लू म्हणजे घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेलं, उडायला शिकणारं पिल्लू. आई-बाप जवळच्याच फांदीवर असतात आणि खाली येऊन त्याला भरवतात. आम्ही दोघींनी, म्हणजे माझ्या गोष्टीने आणि तिच्या हातांनी, ते पळवून आणलं होतं.

तेव्हापासून मुलांसाठी अशी गोष्ट लिहिताना, किंवा कुणी लिहिलेली तपासून देताना, मी एकच गोष्ट धरून बसते. ऐकणारं मूल उद्या तेच करणार आहे. माकड आणि मगरीची गोष्ट ऐकून कुणी काळीज झाडाला टांगायला जात नाही, पण पिल्लाला बोळ्याने दूध पाजायला नक्की जातं. पुढे जे लिहिते आहे ते शिक्षकांसाठी, आईबापांसाठी आणि वर्षातून एकदा शाळेच्या हस्तलिखिताला गोष्ट द्यावी लागणाऱ्या सगळ्यांसाठी.

प्राणी असा घ्या की तो शाळेच्या वाटेवर भेटेल

सिंह, पांडा, पेंग्विन सोडून द्या. त्यांच्यावर दया करणं फार सोपं, कारण त्यासाठी काहीच करावं लागत नाही. गोव्यातल्या मुलाला खरोखर काय भेटतं ते आठवा. पहिल्या पावसात रस्ता ओलांडणारं शेतातलं कासव. विहिरीत पडलेली धामण. मळ्यावरच्या नायलॉनच्या जाळ्यात पाय अडकलेला खंड्या. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या वाळूत अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं.

प्रत्येकाच्या बाबतीत एकच विचारा: ह्या जिवाला माणसाकडून नेमकं काय हवंय? उत्तर दर वेळी वेगळं येतं आणि त्या उत्तरातच गोष्ट असते. खंड्याला हवा जाळं कापणारा हात. धामणीला हवी पांगलेली गर्दी आणि साप पकडायचं शिकलेला माणूस. ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लांना तर हात नकोच, त्यांना हवा अंधार. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात, बहुधा रात्री, आणि जिकडचं क्षितिज उजळ तिकडे चालायला लागतात. एरवी तो समुद्र असतो. किनाऱ्यावर मोठे दिवे लागले की ती उलटी फिरतात. म्हणजे ह्या गोष्टीचा नायक पिल्लांना ओंजळीत घेऊन पाण्यात सोडणारा मुलगा नव्हे. आपल्या बाबांना शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या त्यांच्या खानावळीचे, दिवे मालवायला लावणारी मुलगी ही खरी नायिका. लिहायला हे जास्त कठीण आणि वाचायला कितीतरी चांगलं.

एक विषय मी तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला: जून महिन्यातले बेडूक. पाऊस पडला की मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात, आणि त्याच आवाजाच्या मागावर बॅटरी घेऊन माणसं शेतात उतरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे, तरी ‘जंपिंग चिकन’ची, म्हणजे बेडकाच्या मांसाची, चव आमच्याकडे अजून सुटलेली नाही. गोष्ट अवघड होते कारण खलनायक घरचाच असतो. लाडका मामा. कुणाला जमली तर मला वाचायला आवडेल.

ह्या लेखासाठी मी घेते ते कौलांखाली राहणारं गव्हाणी घुबड. जुन्या घरांत ते असतंच, मुलांनी त्याचा आवाज ऐकलेला असतो आणि मोठ्यांना त्याची भीती वाटते. गोष्टीला आणखी काय हवं?

एक कागद, तीन प्रश्न

लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ माहितीसाठी द्या. कागदावर तीनच प्रश्न लिहा. ह्याची आई कुठे आहे? हे काय खातं, कुणाच्या हातून? आणि आपल्या मायेने हे कसं मरेल? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा ठेवा.

गव्हाणी घुबडाचा माझा कागद असा भरला.

हे घुबड घरटं विणत नाही. माळ्यावर जुन्या पोत्यांमागे, फुटक्या पेटाऱ्याआड, आपणच टाकलेल्या गोळ्यांच्या चुऱ्यावर अंडी घालतं. गोळे म्हणजे काय? ते उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं नि केस एकत्र दाबून तोंडावाटे बाहेर टाकतं, तेच ते. पहिलं अंडं घातलं की मादी लगेच उबवायला बसते. त्यामुळे पिल्लं एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. एक मोठं, एक मधलं, एक अगदीच लहान, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. अंगावर मळकट पांढरी लव, पाय लांब, चेहरा म्हाताऱ्यासारखा. मोठ्यांचा तो बदामाच्या आकाराचा गोंडस चेहरा पिल्लाला सुरुवातीला नसतो. त्याला घुत्कारही येत नाही. ते फुसफुसतं, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसं. माळ्यावर साप आहे म्हणून जे अनेकदा सांगितलं जातं ते हे असतं.

काय खातं? उंदीर, चिचुंद्र्या. आणतं कोण? आई आणि बाप, अंधार पडल्यावर.

आता तिसरा प्रश्न. पाणी: पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. वरून चोचीत पाणी ओतलं तर ते सरळ फुप्फुसात जातं. दूध: पक्ष्यांना ते पचत नाही, कुठल्याच पक्ष्याच्या आईने पिल्लाला गाईचं दूध पाजलेलं नाही. भात, चपाती, फरसाण: घुबडाला काय कळणार त्यातलं? लाड: रात्रभर मुलांच्या घोळक्यात, दिव्याखाली, मोबाईलच्या फ्लॅशमध्ये ठेवलं तर जखम नसतानाही ते धसक्याने खचतं.

आणि ह्या कागदावर मला एक गोष्ट सापडली जिने माझी अर्धी रूपरेषा मोडली. बुलबुलाच्या उडायला शिकणाऱ्या पिल्लाला असतं तिथेच राहू द्यायचं, आई खाली येते. गव्हाणी घुबडाचं तसं नाही. पिल्लू जमिनीवर पडलं की आई-बाप सहसा त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. भरवतात ते घरट्याच्या जागी. म्हणजे पिल्लू धडधाकट असेल तर ते पुन्हा वर गेलं पाहिजे. ‘माणसाचा हात लागला की आई टाकते’ हा आपल्याकडचा पक्का समज इथे आडवा येतो. तो समज आहे, खरं नाही. पक्षी वासावरून पिल्लू टाकत नाहीत. एकच नियम सगळ्या पक्ष्यांना लावून लिहिलं की गोष्ट खोटी पडते, आणि नेमकी तीच चूक मी त्या बुलबुलाच्या वेळी केली होती.

पण मोडलेल्या रूपरेषेतून गोष्ट मिळाली. कुणीतरी निसणीवर, म्हणजे शिडीवर, चढायला हवं. कोण?

मुलाला त्याच्या वयाचं काम द्या

नऊ वर्षांच्या मुलीने एकटीने निसण लावून पिल्लू वर ठेवलं, असं मी लिहिणार नाही. एक तर ती पडेल. दुसरं, घुबडाच्या नख्या लहानपणीही धारदार असतात. मग करुणा दाखवायची कशातून? छोट्या, कंटाळवाण्या, पण खऱ्या कामांतून. कुत्र्याला बांधणं. कावळे टोचायला आले तर त्यांना हाकलणं, दिवसा उघड्यावर सापडलेल्या घुबडाला ते सोडत नाहीत. हवा जाईल अशी टोपली वर झाकणं. धाकट्या भावाला गप्प करणं. मोठ्या माणसाला जाऊन सांगणं, आणि तो ऐकत नसेल तर पुन्हा सांगणं. शेवटचं काम सगळ्यात अवघड: काहीही न करता बसून राहणं.

मुलांना ‘मी पण करीन’ वाटायला हवं असेल तर त्यांना करता येईल असंच लिहा. विमानातून उडी मारणारा नायक दुसऱ्या गोष्टीत ठेवा.

जाणकार मोठा माणूस एक हवाच. माझ्या गोष्टीत तो फॉरेस्टचा गार्ड आहे. रेंज ऑफिसला फोन केल्यावर तो मोटरसायकलवरून येतो. त्याला फार बोलायला लावू नका, नाहीतर तो गोष्टीतला मास्तर होतो. माझा गार्ड पूर्ण गोष्टीत चार वाक्यं बोलतो. त्यातलं एक "चाय नको, साखर झाली," हे आहे.

आजीला मूर्ख ठरवू नका

घुबड म्हणजे अपशकुन. घरात असं कुणीतरी म्हणणारच आणि गोष्टीत ते यायलाच हवं. सोपी वाट अशी की आजी अडाणी, नात शहाणी, शेवटी आजीचे डोळे उघडतात. असं लिहू नका. वर्गातली पन्नास टक्के मुलं आजीपाशी झोपतात.

आजीची भीती कुठून आली याचा थोडा विचार करा. घुबड रात्री ओरडतं. रात्री जागं कोण असतं? आजाऱ्यापाशी बसलेलं माणूस. तिने आपल्या सासऱ्याच्या शेवटच्या रात्री तो चिरका आवाज कौलांवर ऐकला असेल. मग तो आवाज आणि ते मरण तिच्या मनात जोडलं गेलं, तर त्यात वेडेपणा काय? हे एका वाक्यात गोष्टीत आणा आणि पुढे चला. तिला पटवायचं असेल तर भाषणाने नाही.

आणखी एक वाट मोहाची आहे, तीही टाळा. ‘घुबड तर लक्ष्मीचं वाहन!’ आजी हात जोडते, प्रश्न मिटतो. पण मग ज्या जिवावर कुठलाच देव बसत नाही त्याचं काय करायचं? गोव्यात रानजिवांना मान द्यायची जुनी रीत आहे हे खरं. सातेरी देवीच्या वारुळापुढे आपण हात जोडतो, रानातल्या वाघ्रो देवाला नारळ ठेवतो, पौष अमावास्येला काही गावांत खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर चिखलाची मगर घालून पुजतात. हे सगळं गोष्टीच्या पार्श्वभूमीला सुंदर दिसेल. पण पिल्लाला वर ठेवायचं ते देवाच्या धाकाने नको. त्याला भूक लागली आहे, एवढं पुरे.

काळ: एक दिवस, आणि तोही चतुर्थीच्या आधीचा

अशा गोष्टीला आठवडे, महिने लावू नका. सकाळ ते रात्र एवढंच ठेवलं की घट्टपणा येतो. मी चतुर्थीच्या आधीचा आठवडा घेतला, कारण पिल्लू खाली कसं पडलं याचं कारण मला तिथे फुकट मिळालं. वर्षभर कुणी न ढवळलेला माळा त्या आठवड्यातच झाडला जातो. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट वरून काढायची असते. काका पोती ओढतो आणि पोत्यांमागून काहीतरी पांढरं घरंगळत येतं.

प्रसंग असे लागले: माळा झाडणं, पिल्लू पडणं, आधी सगळ्यांना तो कापसाचा बोळा वाटणं, आजीचं "बाहेर घाला ते", टोपली, कुत्रा, कावळे, फोन, तीन तासांची वाट, गार्ड येणं, जाड टॉवेलात पिल्लू धरून पंख-पाय तपासणं, त्याने आणि काकाने मिळून ते वर ठेवणं, संध्याकाळ. मधे एक अडचण टाकली. त्या बाजूचा माळा आता झाडायचा नाही, म्हणजे चतुर्थीला घराचा एक कोपरा जळमटांसकट राहणार. आणि मुलांनी त्या अंगाला फटाके लावायचे नाहीत. लहान मुलांच्या दृष्टीने हा खरा त्याग. पिल्लू सोडून देण्यापेक्षाही मोठा.

सगळ्यात जास्त शब्द मी ‘संध्याकाळ’ला दिले. वाट बघण्याचा प्रसंग आखडता घेतला की गोष्ट बातमीसारखी होते. तो भाग इथे पूर्ण देते. जाई ही त्या घरातली नऊ वर्षांची मुलगी, विशू तिचा धाकटा भाऊ:

जाई पायरीवर बसली. आजीने दिवा आत नेला होता. अंगणात आभाळाचा होता तेवढाच उजेड, तोही उतरत चाललेला.

माळ्यावरून आवाज आला. फुस्स्स. थांबला. मग पुन्हा.

"त्याला भूक लागली," जाई म्हणाली.

"तुका कशें कळ्ळें?" विशूने विचारलं.

"म्हाकाय लागल्या."

आतून काका म्हणाला, "सात वाजून गेले. जेवायला या." कुणी उठलं नाही.

मग माडाच्या झावळीवरून काहीतरी पांढरं सुटलं. पंख हलले, पण आवाज झाला नाही. इतका झाला नाही की विशूने आपले कान चोळले. ते पांढरं विहिरीवरून आलं, तुळशीवरून आलं, आजीच्या डोक्यावरून गेलं आणि कौलांच्या फटीत शिरलं. त्याच्या पायातून एक शेपटी लोंबत होती.

वरची फुसफुस एकदम वाढली. आणि बंद झाली.

आजीने डोक्यावर घेतलेला पदर हळूच खाली सोडला.

"उंदीर," ती म्हणाली. "आमच्याच भातावयलो."

बस, आजीचं मतपरिवर्तन एवढंच. पुढे ती घुबडाबद्दल एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या दिवशी काका झाडू घेऊन माळ्याकडे बघायला लागल्यावर मात्र झाडू लपवून ठेवते.

पंखांचा आवाज न होणं हे मी सजावटीसाठी घातलेलं नाही. घुबडाच्या पंखातल्या पुढच्या पिसांची कड कंगव्याच्या दातांसारखी असते, पिसं मऊ असतात, त्यामुळे हवा फडफडत नाही. ही माहिती गोष्टीत सांगितली असती तर मुलांनी जांभई दिली असती. विशूने कान चोळले म्हणून ती विचारतात, "बाई, आवाज का नाही आला?" मग सांगायची.

कोकणी बोलणं, मराठी सांगणं

आमच्याकडे मराठी शाळेतली बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात. गोष्ट मराठीत, पण आजीने "अगं बाळ, इकडे ये पाहू" असं म्हटलं की वर्ग हसतो. कुणाचीच आजी तसं बोलत नाही. मी निवेदन मराठीत ठेवते आणि बोलण्यात अधूनमधून कोकणी येऊ देते, तीही जिथे अर्थ आपोआप कळतो तिथेच. कंसात अर्थ देत नाही. पुण्याच्या मुलालासुद्धा "म्हाकाय लागल्या" हे दोन वेळा ऐकलं की कळतं.

वाक्यं लहान ठेवा, पण सगळी लहान नकोत, नाहीतर गोष्ट उचकी लागल्यासारखी वाचली जाते. पहिली-दुसरीसाठी सहाशे शब्द खूप झाले. चौथी-पाचवीला बाराशे चालतात, मोठ्याने वाचायला बारा मिनिटं.

प्राण्याला बोलायला लावायचं का? ही तुमची मर्जी, पण लावणार असाल तर पहिल्या ओळीपासून लावा. अर्ध्या गोष्टीपर्यंत फुसफुसणारं पिल्लू शेवटी "थँक्यू जाई" म्हणालं तर सगळं केलेलं पाण्यात. रानातला जीव आभार मानत नाही. त्याला आपण आवडतही नाही. जाईला हे थोडंसं लागतं, आणि लागू द्यावं. पिल्लाला नाव ठेवायचा मोह मी असाच टाळला. विशू ‘चिंटू’ सुचवतो, जाई उत्तर देत नाही, विषय संपतो. नाव ठेवलं की ते आपलं झालं, आणि आपलं झालं की परत द्यायला नको वाटतं.

खऱ्या गावाचं, खऱ्या घराचं वर्णन ओळखू येईल इतकं देऊ नका. दिवाळीच्या सुमाराला काळ्या जादूच्या नावाखाली घुबडं पकडणारी माणसं असतात. मी ‘वाळपईजवळचा एक गाव’ एवढंच लिहिते. सत्तरी तालुक्यात तशी घरं पुष्कळ आहेत.

चित्रकाराला कागद दाखवा

गोष्ट बरोबर आणि चित्र चूक, असं फार होतं. एका हस्तलिखितात माझ्या घुबडाच्या पिल्लापुढे दुधाची वाटी काढलेली होती. चित्रकार नववीतली मुलगी, तिला वाटलं रिकामं दिसतंय. मूल अक्षरांआधी चित्र वाचतं, म्हणून ती वाटी सगळं लिहिलेलं पुसून टाकते. तो तीन प्रश्नांचा कागद चित्रकाराच्या हातात द्या, आणि सोबत सांगा: गव्हाणी घुबडाला शिंगांसारखी पिसं नसतात, पिल्लाच्या अंगावर ठिपके नसतात, टोपलीत पाणी नाही.

शेवटचं पान

गोष्ट संपल्यावर एक वेगळं पान ठेवा, गोष्टीच्या आवाजात नाही, साध्या सूचनांचं. माझं पान असं आहे.

पिल्लाला पिसं आहेत आणि ते उड्या मारतंय? मांजर-कुत्रं दूर ठेवा, स्वतः लांब जा, अर्धा तास बघा. रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा.

उघडं, पिसं नसलेलं आहे, घरटं दिसतंय? मोठ्या माणसाला सांगून परत घरट्यात. हात लागला म्हणून आई टाकत नाही.

रक्त, लोंबणारा पंख, मांजराच्या तोंडातून सुटलेलं? भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापडावर, अंधारात, शांत जागी. खाणं नाही, पाणी नाही. वन खात्याच्या रेंज ऑफिसला फोन. इथे मी नंबरसाठी रिकामी ओळ सोडते आणि मुलांना घरून मोठ्यांकडून भरून आणायला सांगते. छापलेला नंबर बदलतो, आणि स्वतः लिहिलेला लक्षात राहतो.

घुबड, घार? हात नाही. मोठी माणसं जाड टॉवेल घेऊन.

वटवाघूळ, माकड, मुंगूस, कोल्हा, कुठलाही सस्तन प्राणी? मुलांनी अजिबात हात लावायचा नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, पण जखम धुवायची ती धुवायचीच.

साप? दोन मोठी पावलं मागे, आणि नजर त्याच्यावर. दूध पाजायचं नाही, तो पीत नाही.

आणि सगळ्यांना एकच: घरी पाळायला ठेवायचं नाही. कायद्याने गुन्हा आहे हे मुलांना सांगायला हरकत नाही, पण आधी सांगा की त्याची आई शोधतेय.

वर्गात वाचून बघितल्याशिवाय छापू नका

घरी स्वतःला वाचून दाखवलेली गोष्ट नेहमी चांगली वाटते. वीस मुलांपुढे वाचा. हातात पेन्सिल ठेवा. मुलं हलायला लागली की त्या ओळीवर खूण करा, त्यांना थांबवू नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात गार्ड पंख तपासत असताना तीन ठिकाणी खुणा झाल्या. तो भाग अर्धा कापला. ‘संध्याकाळ’ला एकही खूण नव्हती.

वाचून झाल्यावर "यातून आपण काय शिकलो" हे विचारू नका. मुलं तयार उत्तर देतात, आवाज चढवून, एका सुरात. त्यापेक्षा विचारा, "काका झाडू कुठे शोधत असेल?" किंवा काहीच विचारू नका, फळा पुसा. प्रश्न मागाहून येतात.

घुबडाची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "आमच्याय माळ्यार असो आवाज येता." मी त्याला वर चढू नको म्हणून तीनदा बजावलं. सोमवारी तो काड्यापेटी घेऊन आला. माझ्या पोटात गोळा आला, जुना डबा आठवला. पेटी उघडली तर आत काळपट, सुकलेला, अंगठ्याएवढा एक गोळा. माळ्याखाली, पडवीत पडलेला होता म्हणाला, वर कुणी गेलं नाही. आम्ही तो वर्तमानपत्रावर ठेवून दोन टाचण्यांनी उसवला आणि नंतर सगळ्यांना साबणाने हात धुवायला पाठवलं. तीन कवट्या निघाल्या. दोघांचे पुढचे दात छिन्नीसारखे आणि मागे मोकळी जागा, ते उंदीर. तिसरीचे सगळे दात टोकदार आणि सलग. ती चिचुंद्री.